पुरुषभर खोल

आंबेमोहोर तांदूळ मी आता घरात आणत नाही. कोलम आणते. नवऱ्याला वाटतं, महाग झाला म्हणून. मी वाटू देते. खरी गोष्ट अशी की आंबेमोहोर शिजायला लागला की जो वास सुटतो, अगदी तसाच वास दोन वर्षांपूर्वी आमच्या दिघाशीच्या घरात माळ्यावरून खाली यायचा. चुलीवर काही नसताना, भर दुपारी. त्या वासाचं मी काय केलं ते आज लिहायला बसले आहे. लिहिताना स्वतःला सांभाळून घ्यायचं नाही असं ठरवलंय, कारण सांभाळून घेण्यात मी फार पटाईत आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर भिवंडीतल्या नारपोलीचं. वडील कारकून, आई शिक्षिका, भिंतीपलीकडे पॉवरलूमचा खडखडाट आणि अलीकडे पुस्तकं. त्या आवाजात वाचायची सवय लागली ती अशी की अजून शांत जागी मला वाचता येत नाही. लग्न होऊन दिघाशीला आले तेव्हा सासरी शेतीवाडी भरपूर होती आणि कागद नीट वाचायला बसणारं कुणी नव्हतं. मग मी कागद वाचणारी झाले. विजेचं बिल, जमिनीची नोटीस, डॉक्टरची चिठ्ठी, काहीही आलं की एकच वाक्य, 'वहिनीला दाखवा.' मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. पुस्तकात आहे ते मी सांगायचे, आणि पुस्तकात नसलेलंही त्याच आवाजात सांगायचे.

घरात आम्ही चौघं. माझा नवरा सरकारी कचेरीत, दीर एका गोदामात सुपरवायझर, त्याची शिफ्टची ड्युटी. दिराची बायको माझी धाकटी जाऊ. तिला घरात सगळे 'धाकटी' म्हणतात, मीही. ती मला ताई म्हणते. परसात चिकूची दोन झाडं आहेत, ती तिची. चिकू उतरवायचे, पुसायचे, पेंढ्यात पिकत घालायचे, हे सगळं तिच्याकडे. माझ्या हाताने घातलेले चिकू एकतर दगड राहतात नाहीतर सडतात. धाकटी हसायची, 'ताई, ह्ये पुस्तकात नसंल.'

लग्नाच्या नवव्या वर्षी तिला दिवस राहिले. एप्रिलमध्ये भिवंडीतल्या एका दवाखान्यात मुलगी झाली. चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. सोडताना दवाखान्याने एक छापील कागद दिला होता, बाळाला काय काय झालं तर ताबडतोब घेऊन या म्हणून. तो कागद अर्थातच माझ्या हातात आला. मी वरवर वाचला आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी धाकटी बाळाला घेऊन माझ्याकडे आली.

'ताई, बघ ना. डोळे पिवले दिसतान हिचे.'

मी कणीक मळत होते. हात न धुता वाकून बघितलं आणि म्हणाले, 'अगं, होतेच कावीळ जन्मल्यावर. पुस्तकात आहे. सकाळचं कोवळं ऊन दाखव, आठवड्यात उतरेल.'

सातव्या दिवशी पिवळेपणा छातीवरून पोटापर्यंत आला. बाळ नुसतं झोपून राहायला लागलं. धाकटी म्हणाली, 'दूध ओढत न्हाय ग.' मी म्हणाले, 'उन्हाने सुस्ती येते.' कुठल्या पुस्तकात आहे हे? कुठल्याच नाही. ते मी त्या क्षणी बनवलं. आठव्या दिवशी बाळ मान मागे टाकून रडायला लागलं, वेगळ्याच बारीक आवाजात, तेव्हा गाडी काढली. धामणकर नाक्यावर एक कंटेनर आडवा अडकला होता. पाऊण तास आम्ही तिथे बसून होतो. दवाखान्याने शर्थ केली. नवव्या दिवशी सकाळी बाळ गेलं. फाइलमधला कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. त्यात पहिलीच ओळ डोळ्यांच्या पिवळेपणाची होती.

मी आधी कंटेनरवाल्याला शिव्या घातल्या. आठवडाभर घरात जो येईल त्याला मी नाक्यावरच्या ट्रॅफिकचंच सांगत होते.

आमच्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या टोकाला ओढ्याजवळ जांभळीचं झाड आहे, तिथे. दीर, माझा नवरा आणि शेजारच्या घरातले म्हातारे चुलतसासरे, असे तिघे गेले. चुलतसासऱ्यांना आम्ही काका म्हणतो. खड्ड्यात मीठ घालायचं, वर माती, मातीवर सपाट दगड, दगडांवर बाभळीचे काटे. जनावराने उकरू नये म्हणून. बायकांनी तिथे जायचं नसतं. पुरुष परत आले, आंघोळी झाल्या, आणि दारात बसलेल्या धाकटीने नवऱ्याला एवढंच विचारलं, 'खोल खणलाय ना?'

दीर म्हणाला, 'पुरुषभर.'

पुरुषभर म्हणजे उभा माणूस आत मावेल इतकं. त्यानंतर धाकटी रोज हेच विचारायची. सकाळी चहा देताना, केस विंचरताना, मधेच झोपेतून उठून. दीर ड्युटीवर असला की मला. 'पुरुषभर खोल हाय ना ग, ताई?' मी तिथे गेलेही नव्हते. पण मी म्हणायचे, 'हो. पुरुषभर. तिथवर कोण पोचतंय?' मग ती जरा निवांत व्हायची. पोर गेली ती गेली, पण आहे तिथे तिला कुणी हलवू नये, एवढीच गोष्ट तिच्यासाठी शिल्लक होती. एवढ्यावर ती जेवत होती.

काविळीबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही. एकदाही नाही. भांडली असती तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती फक्त बघायची. भाकरी थापता थापता मान वर करून माझ्याकडे बघायची आणि परत थापायला लागायची. त्या बघण्याला मी इतकी घाबरायला लागले की सुट्टी असूनही शाळेत काम आहे सांगून बाहेर पडायचे आणि नारपोलीला आईकडे जाऊन बसायचे.

आता माळ्याचं सांगते.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला लाकडी माळा आहे. भाताची रिकामी पोती, जुनं सामान, मोडका पाळणा. हिवाळ्यापासून तिथून हा शिजत्या भाताचा वास यायचा. काका म्हणाले, नाग असला की असा वास येतो. मी शोधलं, दोन ठिकाणी वाचलं, आणि एका संध्याकाळी कौलांवरून चिकूच्या झाडावर उतरताना ते मला दिसलंही. लांब शेपटी, करडं अंग, डोळ्यांभोवती काळं. उदमांजर. दिवसभर माळ्यावर झोपतं, अंधार पडला की फळं खायला जातं. वास त्याचाच. मला काय आनंद झाला होता! घरी सांगायचं राहूनच गेलं, पण सातवीच्या वर्गात मी अर्धा तास त्याच्यावर घालवला. आमच्या घरी एक पाहुणा आहे, त्याला आंबेमोहोराचा वास येतो, म्हटलं. मुलं खुश. चिकू खातं, बिया गिळतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं, म्हणजे फुकटचा माळी, असंही सांगितलं. त्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने प्रश्न विचारला होता. सिंह तरसाची पिल्लं मारतो पण खात नाही, तर मारतो कशाला? मी सांगितलं होतं, 'उद्या ती मोठी होऊन आपल्या तोंडचा घास काढतील म्हणून. त्याला शत्रू आधीच ओळखू येतो.' तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

बाळ जाऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. दीर रात्रपाळी करून सकाळी घरी येताना आधी जांभळीकडे जाऊन यायचा. त्या दिवशी तो आला तो थेट काकांना घेऊन परत गेला, आणि थोड्या वेळाने मला बोलवायला आला. दारामागे उभा राहून हळूच म्हणाला, 'वहिनी, जरा येता का? तिला सांगू नका.' बायकांनी जायचं नसतं खरं, पण 'वहिनीला दाखवा' हा नियम त्याहून मोठा.

बाभळीची एक फांदी बाजूला ओढलेली होती. मधल्या सपाट दगडावर विष्ठा पडली होती. काका काठीने दाखवत म्हणाले, 'मसण्याउद हाय ह्यो. मसणात हिंडतो, लहान पोरांना उकरून काढतो. आमच्या आज्यानं बघितला व्हता. आज दगडावर बसून गेला, उद्या हात घालंल.'

उदमांजराला आमच्याकडे मसण्याउद म्हणतात. मी वाकून बघितलं. विष्ठेत चिकूच्या बिया होत्या. काळ्या, चकचकीत, अख्ख्या. बाकी शिंदीच्या फळांचे गर आणि साली. मांसाचा, केसाचा, हाडाचा मागमूस नव्हता. आणि ओढलेल्या फांदीचा पाला ओरबाडलेला होता, खाली शेळीच्या लेंड्या. शेळ्यांना बाभळीचा पाला आवडतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शेळीने फांदी ओढली, आणि उदमांजर नेहमीसारखं उंचशा दगडावर बसून गेलं. सगळा पुरावा माझ्या पायाशी होता. तीन वाक्यांत मी दोघांना समजावू शकले असते, आणि माझं त्यांनी ऐकलं असतं, कारण माझंच ते ऐकायचे.

मी तोंड उघडलंही होतं. पण दिराचा चेहरा दिसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी करायचं आहे असं दिसत होतं. कुणाला तरी धरायचं, मारायचं. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं. हो, हेच शब्द. बरं झालं, कुणीतरी सापडलं. हे जनावर शत्रू ठरलं तर घरातल्या कुणाला पिवळे डोळे आठवणार नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरानेच दोर वळायला घेतला. मी सरळ उभी राहिले आणि म्हणाले, 'काका जुनेजाणते आहेत. त्यांना माहीत असणार.'

धाकटीला सांगायचं नव्हतं, पण गावात असं काही झाकून राहत नाही. दुपारपर्यंत तिला कळलं. ती माझ्या खोलीत आली, दाराला धरून उभी राहिली.

'ताई, खरंच उकरतो का ग तो? तू शिकलेली हायस. खरं सांग.'

तिला 'नाही' एवढंच ऐकायचं होतं. 'नाही, तो फळं खातो, तुझे चिकू खातो' असं सांगितलं असतं तर ती रडली असती आणि रडून झोपली असती. ते खरंही होतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, 'म्हणतात खरं.'

लोक म्हणतातच. म्हणजे मी खोटंही बोलले नाही. अशी वाक्यं मला बरी सुचतात.

त्यानंतरचे दोन दिवस धाकटी जेवली नाही. मागच्या दारात शेताकडे तोंड करून बसायची. खोल खणलाय का हे विचारायचंही तिने सोडून दिलं होतं, कारण उत्तरावर विश्वास उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती दिराला म्हणाली, 'कायतरी कर. माझी पोर काढंल तो.' दीर काठी घेऊन रात्रभर जांभळीखाली बसून राहिला, पण तिथे त्याला काही दिसलं नाही. सकाळी परत आला तेव्हा माझ्यासमोर मटकन बसला आणि म्हणाला, 'कुठं शोधायचा त्याला, वहिनी?'

मला माहीत होतं कुठे. त्याच्या डोक्यावर दहा फुटांवर.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. चार दिवसांनी सगळे दमले असते. पण धाकटी भाकरी थापत होती आणि तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'माळ्यावर आहे. भाताचा वास येतो ना, तो त्याचाच.'

रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन कडक. काका पहार घेऊन आले, दिराच्या हातात काठी आणि कोयता. नवऱ्याने बाहेरून कौलांची फट पोत्याने बुजवली. मी शिडी धरली. माझी दोन्ही हातांची पकड शिडीवर घट्ट होती, हे मला स्पष्ट आठवतं, कारण दिराने वर जाताना सांगितलं, 'घट्ट धरा हां, वहिनी,' आणि मी म्हणाले, 'धरलीय, जा.'

मला वाटलं होतं, ते धावेल, अंगावर येईल, निदान निसटेल. आतून निसटावं अशी इच्छाही होती, म्हणजे दोन्हीकडून सुटले असते. पण पळायचा आवाजच आला नाही. काका वरून ओरडले, 'झोपलाय रे!' मग खुडबुड, फिसकारणं, आणि दिराचा आवाज, 'हालत न्हाय. कोपऱ्यात दबून बसलाय, जागचा हालत न्हाय.' मग चार-पाच फटके. शिडीतून ते माझ्या तळहातांना कळले. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

पोत्यात घालून खाली आणलं आणि परसात चिकूखाली ओतलं. मांजराएवढंच तर होतं. दीर घामाने भिजला होता. धाकटी मागच्या दारात उभी होती, तिच्याकडे बघून तो म्हणाला, 'झाला. आता कोन न्हाय उकरनार.' त्याला वाटलं, ती रडेल, किंवा बसून घेईल, किंवा म्हणेल बरं केलंत.

ती आली आणि खाली वाकली. आधी तोंड बघितलं. मग तिने एका बोटाने त्याचा मागचा पाय बाजूला केला. पोटावरचे केस ओले होऊन चिकटले होते आणि त्यात आचळं सुजलेली दिसत होती. धाकटीने बोट टेकवलं तर बोटाला दूध लागलं. तिची स्वतःची चोळी गेले तीन आठवडे भिजत होती. तिला दुसऱ्या कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

'बाई हाय ही,' ती म्हणाली. 'बाळंतीण हाय.'

ती उठली आणि शिडीकडे गेली. अजून सव्वा महिना झाला नव्हता, तिने शिडी चढायची नव्हती, पण तिला अडवायची माझी छाती झाली नाही. माळ्यावर कोपऱ्यात मोडक्या पाळण्यात पोत्याच्या चिंध्या होत्या आणि त्यात तीन पिल्लं. डोळे मिटलेली. म्हणून ती जागची हलत नव्हती. धाकटीने त्यांना पदरात घालून खाली आणलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

'ताई, ही काय खातात मोठी झाल्यावर?'

मी म्हणाले, 'फळं. कधी उंदीर, किडे.'

'आन् पोरं?'

'नाही.'

'ह्ये पुस्तकात हाय?'

'आहे.'

'आधीपासनं?'

मी 'हो' अशी मान हलवली. दीर, नवरा, काका तिघेही माझ्याकडे बघत होते. धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पिल्लं घेऊन आत निघून गेली.

पिल्लं वाचवता आली असती. वनखात्याला किंवा प्राणी सोडवणाऱ्या मुलांना एक फोन केला असता तर ती दोन तासांत घेऊन गेली असती. त्यांचे नंबर शाळेच्या फळ्याशेजारी मीच चिकटवलेत. पण आलेला माणूस पहिल्यांदा विचारणार, आई कुठे आहे. उदमांजर मारणं हा गुन्हा आहे, तेही मीच शिकवते. तेव्हा मी फोन केला नाही. नवऱ्याने विचारलं, 'फोन करायचा का?' तर म्हणाले, 'बघू.' धाकटी कापसाच्या वातीने त्यांना दूध पाजत राहिली. ते दूध तिचं स्वतःचं होतं. बाळाच्या झबल्यात गुंडाळून ती त्यांना पोटाशी धरून बसायची आणि त्या चार दिवसांत तिने मला एकदाही हाक मारली नाही. पहिलं दुसऱ्या दिवशी गेलं, दुसरं तिसऱ्या, आणि शेवटचं चौथ्या दिवशी दुपारी; गेलेलं प्रत्येक ती फडक्यात बांधून जवळच ठेवायची. झबल्यातून तोच वास येत होता.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती सातवीतली मुलं आठवीत आली होती. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची तीच मुलगी म्हणाली, 'मॅडम, तुमचा पाहुणा कसा आहे?' मी म्हणाले, 'गेला कुठेतरी.' ती म्हणाली, 'येईल परत, चिकू आहेत ना तुमच्याकडे.' मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिले. सिंहाचं उत्तर मी तिला चुकीचं दिलं होतं हे सांगायला हवं होतं. म्हणजे सिंहापुरतं ते बरोबर असेल. सिंह निदान आपल्या घासासाठी मारतो. कावळे घुबडाला दिवसा टोचून काढतात ते निदान आपल्या घरट्यासाठी. माझा घास कुणी घेतला नव्हता, माझं घरटं कुणी मोडलं नव्हतं. मला फक्त कुणीतरी माझ्याकडे बघू नये असं वाटत होतं. त्यासाठी मी एक बाळंतीण मारवली.

हे सगळं मी इथवर लिहिलं, पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती अजून मागे ठेवली आहे. सांभाळून घ्यायची सवय म्हणतात ती ही.

शेवटचं पिल्लू गेलं त्या संध्याकाळी धाकटी तिन्ही पिल्लं झबल्यात घेऊन, छातीशी धरून मागच्या दाराने निघाली. दीर ड्युटीवर होता. मी विचारलं, 'कुठे?' ती म्हणाली, 'जांभलीखाली.' मी कोपऱ्यातली कुदळ, पहार आणि फावडं उचललं, डब्यातून मूठभर मीठ कागदात घेतलं, आणि तिच्या मागून गेले. तिने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. ऊन उतरलं होतं, पण उजेड चांगला होता.

बाळाच्या दगडांपासून हातभर अंतरावर तिने जागा दाखवली. मी खणायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरली होती. वरची माती बरी होती. मी ठरवलं होतं, खोल खणायचं. मी आजवर तिला नुसतं तोंडाने सांगत आले होते पुरुषभर, पुरुषभर, आज निदान हाताने करून दाखवायचं. तळहाताला फोड आले, फुटले, मला त्याचं बरंच वाटत होतं. खड्डा गुडघ्याएवढा झाला आणि कुदळ खणकन वाजली. मी पहार घेतली. पहारही वाजली. थोडं डावीकडे घेतलं, तिथेही तेच. उजवीकडे बाळाच्या बाजूला घेतलं, तिथेही कातळ. आमच्या त्या टोकाला गुडघाभर मातीखाली सलग खडक आहे. पंधरा वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दिराला माहीत असणारच, त्याच्या शेतात.

मी खड्ड्यात गुडघाभर उभी होते. वर बघायचा धीर होईना. धाकटी खड्ड्याकडे बघत होती. मग तिने शेजारच्या दगडांकडे बघितलं. परत खड्ड्याकडे. तीन माणसं त्या दिवशी इथे आली होती आणि तिघांनी इथेच कुदळ वाजलेली ऐकली होती. घरी येऊन त्यांनी पुरुषभर सांगितलं, आणि मीही रोज तेच सांगत राहिले.

'येवढ्यावरच हाय म्हंजी माझी पोर,' ती म्हणाली.

मी म्हणाले, 'मला माहीत नव्हतं गं.' हे मी आपणहून तिला सांगितलेलं पहिलं खरं वाक्य होतं, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

तिने तिन्ही पिल्लं झबल्यासकट खाली ठेवली. मी मिठाचा कागद पुढे केला, तिने मीठ पसरलं, माती लोटली. मी दगड आणून लावले. मग काटे आणायला मी बाभळीकडे वळले तशी ती म्हणाली, 'नको. काटे कशाला? आता कोन यनार हाय?'

मी थांबले. तिने बाळाच्या दगडांवर हात टेकवला होता. खाली बसूनच, माझ्याकडे न बघता, ती शेतातल्या कुणाला तरी सांगावं तशा आवाजात म्हणाली, 'येवढ्यावर व्हती पोर. ती माळ्यावरची रोज हितं येऊन बसायची, तिला नखं व्हती. तरी तिनं हात न्हाय लावला. आपन लावला.'

ती 'आपण' म्हणाली. 'तू' म्हणाली असती तर मला सोसलं असतं.